बुद्धघोषच्या जागेवर

बुद्धघोष गेला त्या साली पिंपळीच्या रानात कांदा चांगला आला होता, पण गंगारामला तो काढावासाच वाटेना. एकुलता एक पोरगा. आयटीआय करून रेल्वेत लागला, कर्जतकडच्या सबस्टेशनात. लोकल गाड्यांना तिथून वीज जाते. दुरुस्ती चालू असताना बंद समजलेल्या तारेत प्रवाह निघाला आणि पोराला हाक मारायचीही सवड मिळाली नाही.

वर्ष सरलं. रेल्वेनं त्याच्या बायकोला, करुणाला, नोकरी देऊ केली. पुण्याच्या ऑफिसात शिपायाची जागा होती, नाहीतर त्याच सबस्टेशनात मदतनीसाची. करुणानं सबस्टेशन निवडलं. ते ऐकून बुद्धघोषच्या आईनं, रंगुबाईनं, अंथरूण धरलं. ज्या जागेनं पोरगा गिळला तिथं सुनेला धाडू नका, असं ती नवऱ्याला पुन्हापुन्हा विनवू लागली. सोबत जायचं आणि समजूत घालून सुनेला पुण्याचं काम घ्यायला लावायचं, असं गंगारामनं मनाशी ठरवलं.

बुद्धघोषच्या लहानग्या पोरीला, मेघनाला, आजीपाशी ठेवून सासरा-सून निघाली.

रुळांना लागून उंच जाळी, आत लोखंडी खांब आणि मोठाली यंत्रं. सगळीकडे एकसारखा घुमारा भरलेला. बुद्धघोषचा सोबती अनुप त्यांना आत घेऊन गेला. पोरगा कुठं पडला, असं गंगारामनं विचारलं. अनुपनं जागा दाखवली. तिथं नुसती खडी होती. म्हातारा उकिडवा बसला आणि खडीवरून हात फिरवू लागला. जाळीपलीकडं लोकल सुटली, तसा घुमारा जड झाला.

"पोरी, पुण्याचं काम घे," तो म्हणाला. "हितं कशाला जीव जाळतीस?"

करुणा त्याच्याशेजारी खडीवर बसली.

"मामा, घरात त्यांचं नाव कुणी काढत न्हाय. मी रडंन म्हणून तुमी समद्यांना गप केलंय. हितं दिवसातनं एकदा तरी कुणी त्यांचं नाव घेईल."

गंगारामची मान खाली गेली. करुणा तिथंच कामावर रुजू झाली आणि तो एकटाच परतला.

रंगुबाई दारातच बसली होती. काम तारांपासून लांब आहे ना, एवढंच तिनं विचारलं.

"लय लांब. टेबलावरचं हाय," गंगाराम खोटं बोलला. मग तिच्याशेजारी टेकून म्हणाला, "आपल्या बुद्धघोषला तितं समदी मानत व्हती."

पोराचं नाव कानावर पडताच रंगुबाईनं तोंडात पदर कोंबला. त्यानं तो हळूच सोडवला आणि तिला रडू दिलं.

शाळा उघडायच्या सुमाराला करुणा मेघनाला न्यायला आली. बारामतीच्या स्टँडवर एसटी दिसेनाशी झाली, तरी गंगाराम आणि रंगुबाई उभीच होती. मग रंगुबाई म्हणाली, "चला, यंदाचा कांदा अजून साठवणीच्या चाळीत टाकायचा हाय."