गोणीभर डीएपी

सासऱ्यांचा उजवा हात लुळा पडला, तेव्हापासून त्यांना घरात कुणी काम सांगत नसे. उभा जन्म वेल्डिंगमध्ये घालवलेला माणूस, पण आता सून तळ्यावर राबायची आणि ते नुसते बघत बसायचे. मुलगा जहाजावर खलाशी. माशांचं तळं सुनेनं एकटीनंच उभं केलं होतं.

पाण्यात शेवाळ धरावं, माशांना खायला मिळावं म्हणून ती डीएपी खताचे दाणे बादलीत भिजवून ते पाणी काठाकाठानं शिंपडायची. अगदी हात राखून. सासऱ्यांनी एकदा विचारलं, एवढंसंच का? पाणी हिरवं झालं की मासे पोसतात, एवढंच ती घाईत बोलली. पण फार हिरवं झालं तर रात्री पाण्यातली हवाच संपते, हे पुढचं सांगायचं राहून गेलं.

ती नवी जाळी आणायला गेली, त्या दिवशी त्यांनी डाव्या हातानं खोपीतली गोणी तळ्यापर्यंत ओढत नेली, डब्याडब्यानं पाण्यात रिकामी केली आणि परत जागेवर ठेवली. संध्याकाळी कधी नव्हे ते पोटभर जेवले.

काही दिवसांतच पाणी गर्द हिरवं झालं.  ती खोपीत जाऊन बघते तो गोणी रिकामी.

"म्हटलं, तेवढाच तुझा भार हलका," सासरे म्हणाले. चेहरा नुसता फुलला होता.

 ती पंप लावून ताजं पाणी सोडत राहिली. पण आभाळ भरून आलं, ऊन पडेना, आणि एका पहाटे सगळे मासे तोंडं वर काढून हवा गिळताना दिसले. ती बांबूनं पाणी झोडपू लागली. सासरेही गुडघाभर पाण्यात उतरून एका हातानं झोडपत होते. उजाडलं तेव्हा तळंभर पांढरी पोटं तरंगत होती.

"बाबा, तुम्हाला कुणी सांगितलं होतं हात लावायला?"

शब्द तोंडातून गेले ते गेलेच. सासऱ्यांनी बांबू हळूच काठावर ठेवला आणि ते घरात गेले.

मासे पुरताना तिला रडूही आलं नाही. नंतर तिनं नाना परींनी समजूत घातली, चूक माझीच म्हणाली, सोलायला शेंगा पुढ्यात ठेवल्या.

"नको पोरी. माझ्या हातून आता काही नको."

तळं कोरडं पडलं. ती एका कारखान्यात डबे भरायला जाऊ लागली. सासरे मात्र साधं पाणी प्यायचं झालं तरी आधी विचारायचे, "घेऊ का?" ती "घ्या ना, बाबा," म्हणायची. मग ते पेला उचलायचे.