खुंटीवरची खोटी साक्ष

मित्रांनो, हसणार नसाल तर सांगतो. माझं अख्खं आयुष्य दुसऱ्याच्या बुडाखाली गेलं. मी एक जुनं बसकर आहे, निळ्या फोमचा वहीएवढा तुकडा. डोंगरावर ओल्या दगडावर टेकायचं झालं की खाली मी लागतो. आम्हा नॉर्वेकरांत माणूस एक वेळ छत्री विसरेल, बसकर विसरणार नाही. कामाच्या मानाने मान कमी, हे कबूल. पण बुडाखालून माणूस जेवढा कळतो, तेवढा त्याच्या तोंडाकडे बघून कळत नाही.

आधी मी एका गादीचा भाग होतो. योस्ताइन आणि सोल्फ्रिद लग्नानंतर पहिल्यांदा तंबू घेऊन निघाले, त्या वेळची ती गादी. पुढे पंचवीस वर्षं आम्ही माळ्यावर गुंडाळून पडलो. तो नगरपालिकेच्या पाणीखात्यात, ती दाताच्या दवाखान्यात, आणि दोघांच्या सगळ्या मोठ्या सहली पेन्शननंतर.

मग सोल्फ्रिदचे वडील, पेदेरबाबा, रिटायर झाले. बारा वर्षं मनात घोळवलेली प्रवासाची गाडी त्यांनी एकदाची आणली. आत पलंग, शेगडी, खिडकीला पडदे. दुसऱ्याच आठवड्यात बाबांचा गुडघा गेला. ती गाडी एकूण अकरा किलोमीटर चालली, त्यातले नऊ दुकानापासून घरापर्यंतचे. बाबा अंगणात तिच्यात बसून रेडिओ ऐकायचे आणि आल्यागेल्याला सांगायचे, "आत्ता मी इटलीत आहे, नंतर या."

एकदा त्यांना भेटून आल्यावर योस्ताइन तडक माळ्यावर चढला, आम्हाला खाली ओढलं आणि पाव कापायच्या सुरीने गादीचे दोन तुकडे काढले.

"सोल्फ्रिद, पेन्शनची वाट बघायची नाही. दर गुरुवारी काम सुटलं की रुंडहाउगेनच्या टेकडीवर. दोन पाव, एक थर्मास, दोन बसकरं. बाकी काही न्यायचं नाही."

"आणि पाऊस असला तर?"

"तर ओले होऊ."

एक तुकडा तिचा, एक त्याचा. त्याचा तो मी.

काय दिवस होते ते, मित्रांनो. माझ्यावर गारा पडल्या, मुंग्या चढल्या, जांभळ्या बोरांचे डाग पडले ते अजून आहेत. एकदा कडक थंडीत योस्ताइनने मला थोपटून म्हटलं, "तुझ्यासारखं कोणी नाही." सोल्फ्रिदला वाटलं, तिलाच म्हणाला. तिने लाजून संत्र्याचा मोठा अर्धा त्याला दिला. मी कशाला सांगतोय. मीही फुगून गेलो होतो.

तीन वर्षं असं चाललं. मग एका गुरुवारी तो म्हणाला, "आज जमणार नाही. सोसायटीची मीटिंग आहे. कचऱ्याच्या शेडचा विषय."

पुढच्या गुरुवारी परत शेड. त्याच्या पुढच्या गुरुवारी शेडचं छप्पर.

आता दारातल्या खुंटीवर काय काय लटकतं ते बघा. तिचा कोट, तिची टोपी, माझं जुळं भावंड आणि मी. मी खुंटीवर आहे म्हणजे योस्ताइन टेकडीवर गेलेला नाही, हे त्या घरात शाळेच्या घंटेइतकं पक्कं होतं. तिने माझ्याकडे एकदा बघितलं की तिचं समाधान. बिचारा मीटिंगमध्ये अडकलाय म्हणून तिने वॉफल भाजून डब्यात दिले.

रात्री जेवताना विचारलं, "आवडले का रे सगळ्यांना?"

"एकही उरला नाही," तो म्हणाला.

मला मात्र दिसत होतं. निघताना त्याचा हात सवयीने माझ्याकडे यायचा आणि अर्ध्यातून परत जायचा. त्याच्या कोटाच्या खिशात मुठीएवढी नारिंगी घडी होती. फुंकून फुगवायचं नवं बसकर. मी जुना झालो म्हणून मला टाकलं असतं तर सोसलं असतं. त्याने मला टाकलं नाही, मला साक्षीदार केलं. मला टांगून ठेवून माझ्या तोंडून दर गुरुवारी तिच्याशी खोटं बोलला. मला तोंड नाही, हे त्याला चांगलं माहीत होतं.

आठ गुरुवार गेले. मग एका मंगळवारी दवाखान्यातले दोन पेशंट आलेच नाहीत आणि सोल्फ्रिद लवकर सुटली. घरी आली, थर्मास भरला. तिचा थर्मास दगडावर कलंडतो, म्हणून त्याच्याखाली घालायला मलाही पिशवीत टाकलं. दोन महिन्यांनी मी टेकडी चढलो.

वर दगडांच्या ढिगात पत्र्याची पेटी असते, पेटीत वही, वहीला दोऱ्याने बांधलेली पेन्सिल. वर पोचलेल्याने नाव लिहायचं, सोबत कोण ते लिहायचं, शेवटच्या रकान्यात वाटलं ते लिहायचं. आमच्या माणसांना खोटं बोलता येतं हो, पण वहीत सही केल्याशिवाय टेकडी उतरता येत नाही.

सोल्फ्रिदने पान उलटलं.

गुरुवार. योस्ताइन. सोबत: कोणी नाही. छान.

गुरुवार. योस्ताइन. सोबत: कोणी नाही. वॉफल उत्तम.

आठच्या आठ. कॉफी तिने ओतलीच नाही. वहीत सही न करता टेकडी उतरलेली बाई मी पहिल्यांदा पाहिली.

घरी येऊन तिने आम्हा दोघांना परत खुंटीला लावलं आणि बुधवारी वॉफलचं पीठ कालवलं.

गुरुवारी तो डबा घेऊन आधी नाक्यावरच्या दुकानात शिरला, तशी ती आम्हाला उचलून मागच्या वाटेने निघाली आणि त्याच्या आधी वर पोचली. एका बसकरावर स्वतः बसली, दुसऱ्यावर थर्मास. थर्मासखाली मी.

योस्ताइन शीळ घालत आला आणि शीळ तशीच ओठात राहिली.

"या, अध्यक्षमहाराज," ती म्हणाली. "सगळे हजर आहेत. शेडचं काय ठरलं?"

"तू इथे कशी?"

"चालत. बस की."

त्याने खिशातून नारिंगी घडी काढली, फुंकली, दगडावर ठेवली आणि टेकला. खालून लांबलचक आवाज निघाला. दोघंही फार वेळ ऐकत राहिले. मग तो ओल्या दगडावर होता.

त्याने माझ्याकडे बघितलं.

"तिथे थर्मास बसलाय," सोल्फ्रिद म्हणाली.

खाली फ्योर्डच्या खाडीतून फेरीबोट पलीकडे लागली. मग ती म्हणाली, "दुसरी बाई असती तर बरं झालं असतं रे. तिला दोन शिव्या घातल्या असत्या. या 'कोणी नाही'ला मी काय बोलू?"

"तू अर्ध्या वाटेवरच बोलता बोलता पोर्तुगालला पोचलेली असतेस," तो पायाकडे बघत म्हणाला. "रिटायर झाल्यावर कुठली गाडी, कुठला मुक्काम, कुठे काय खायचं. पेदेरबाबांची गाडी तू दर वेळी इथे चढवतेस. मला नुसतं बसायचं असतं."

"मग म्हणायचंस, गप बस. अठ्ठावीस वर्षांत शंभरदा म्हणालायस."

"इथे वर म्हणवलं नाही."

"आणि माझे वॉफल इथे वर गिळवले."

पोर्तुगालचं तो खरं बोलत होता, ते मीही ऐकलंय, पार पाण्याच्या बाटल्या कुठे भरायच्या तिथपर्यंत. पण बाई जास्त बोलते म्हणून तिला घरी ठेवायचं, आणि राखणीला मला?

"शांतता हवी तर बुधवार घे," ती उठत म्हणाली. "सांगून जा. मी विचारणार नाही. गुरुवार दोघांचा ठरला होता. तू ठरवला होतास."

पुढच्या गुरुवारी तो बूट घालून दारात उभा.

"मीटिंग नाही?"

"रद्द झाली. कायमची."

तिने त्याला माझं भावंड दिलं, तिच्या कॉफीचे जुने डाग पडलेलं. मला स्वतःच्या पिशवीत टाकलं. "माझं ते निळं..." तो म्हणायला गेला. "दोन्ही निळीच आहेत," ती म्हणाली. तेव्हापासून मी तिचा. तो माझ्यावर पुन्हा बसलेला नाही, आणि खरं सांगू, मला घाई नाही.

मित्रांनो, आम्हाला फेकून द्यायचं तर द्या, कुत्र्याखाली अंथरा, तुकडे करून बाटलीला गुंडाळा. पण आम्हाला खुंटीवर टांगून आमच्या नावावर खोटं बोलू नका. आणि गुडघे साथ देतायत तोवर आम्हाला बाहेर काढा. लांब कुठे नको, घरामागची टेकडी चालेल. फक्त कुठे चाललात आणि कोणाला नेत नाही, ते दारातच सांगा.

त्या गुरुवारी वर दोघं गप्प चढले. पोर्तुगाल नाही, काही नाही. वहीत योस्ताइनने दोघांची नावं लिहिली. शेवटच्या रकान्याशी त्याची पेन्सिल थांबली. सोल्फ्रिद बघत होती. त्याने रकाना कोरा ठेवून पेटी बंद केली.

कोरा तर कोरा. खोटं तरी लिहिलं नाही.