भिंतीवरची काठवट

सांडूचं लग्न झालं ते बहात्तरच्या दुष्काळानंतरचं दुसरं वर्ष. त्याच वर्षी माझा जन्म झाला. मित्रांनो, मी एक जुनी काठवट आहे. काठवट म्हणजे भाकरीचं पीठ मळायची लाकडी परात. फुलंब्रीजवळच्या एका खेड्यात मोतीराम सुताराने सांडूच्या घरासाठी कडुनिंबाच्या एका ओंडक्यातून मला कोरून काढलं. आतून त्याने मला इतकं घासलं की तळहात कुठे अडू नये. बाहेरून मात्र लाकूड तासायच्या वाकसाचे घाव तसेच ठेवले, म्हणजे ओल्या हातातून मी निसटत नाही.

सांडूची बायको दगडाबाई रोज माझ्यात ज्वारीचं पीठ मळायची. कोरडं पीठ, कढत पाणी, मग चिकट गोळा आणि मळता मळता त्याचा मऊ उंडा, हे सगळं माझ्या पोटात व्हायचं. त्यांचा मुलगा इंद्रजीत रांगत यायचा आणि कोपरापर्यंत हात पिठात घालायचा. शेवटचा लहानसा उंडा दगडाबाई त्याला द्यायची. त्याची तो चानकी थापायचा. चानकी म्हणजे लेकराच्या तळहाताएवढी भाकरी. ती वाकडी असायची, एका कडेला जाड. तरी ती तव्यावर पडायचीच, आणि घरातल्या प्रत्येकाला तिचा तुकडा खावाच लागायचा.

"कच्ची हाय की," सांडू म्हणायचा.

"गिळा गुमान. तुमची पहिली भाकर मी बघितलीया," दगडाबाई म्हणायची.

त्या मुलाच्या बोटांना गरम-गार, ओलं-कोरडं, खरखरीत-मऊ कोणी शिकवलं? मी शिकवलं. हे मी बढाई म्हणून सांगत नाही. पुढे जे झालं ते कळावं म्हणून सांगते.

इंद्रजीत शिकला, छत्रपती संभाजीनगरात नोकरीला लागला. क्रांती चौकाच्या मागे तिसऱ्या मजल्यावर त्याने घर घेतलं. दगडाबाई वारल्यावर सांडू मला पोत्यात गुंडाळून तिथे राहायला आला. आता कामाला लागू, असं मला वाटलं होतं. पण इंद्रजीतने मला एका दुकानात नेलं, चकचकीत वार्निश मारून आणलं आणि दिवाणखान्याच्या भिंतीवर टांगलं. वर दिवा लावला. पाहुणे आले की तो म्हणायचा, "आमच्या गावाकडची आहे. हात लावू नका, डाग पडतात."

हात लावू नका. मित्रांनो, मी हातांसाठीच जन्मले होते.

तेच वाक्य त्या घरात आणखी एकाला दिवसभर ऐकावं लागायचं. इंद्रजीतचा मुलगा देवेश टाळेबंदीच्या वर्षी जन्मला. तेव्हा भीती खरी होती. त्याची आई तनुजा दाराची कडीसुद्धा पुसून घ्यायची, त्याबद्दल मी तिला बोल लावणार नाही. पण साथ गेली आणि ते पुसणं राहिलं. माती घाण, गवत घाण, वरण हाताला लागलं की लगेच ओलं फडकं. तीन वर्षांचा झाला तरी देवेश चमच्यानेच, तोही आईच्या हातून, जेवायचा. बागेत हिरवळीवर सोडला तर टाचा उचलून रडायचा. हाताच्या मुठी सदा मिटलेल्या. बालवाडीतल्या मनस्विनी मॅडमनी कळवलं, की ओली वाळू पुढे ठेवली तर हा भिंतीकडे तोंड करून बसतो.

त्यावर इंद्रजीतने काय केलं? एक भला मोठा खोका विकत आणला. त्यात प्लास्टिकचे गोळे आणि रंगीत नकली वाळू होती. देवेशने त्याच्याकडे पाहिलंही नाही. आणि मी वर टांगलेली, सगळं बघत होते.

एके सकाळी सांडूने मला खाली उतरवलं. गच्चीत बसून काचेच्या तुकड्याने त्याने माझं वार्निश खरवडलं, वाळूने घासलं, उन्हात टाकलं. मला वाटलं, आपला माणूस उठला. पण त्यानेही चूक केली. पीठ भिजवलं, देवेशला मांडीवर ओढलं आणि त्याचं मनगट धरून हात चिकट पिठात दाबला. लेकरू किंचाळलं. इतकं रडलं की त्याला उलटी झाली. सांडूचा मला तेव्हा आला तेवढा राग वार्निशवाल्याचाही आला नव्हता.

तनुजाने मुलाला उचललं. "आबा, पुन्हा हे करू नका. आणि वार्निश लागलेल्या लाकडात खायचं पीठ मळायचं नाही. कितीही खरवडलं तरी नाही."

तिचं म्हणणं बरोबर होतं. माझी भाकरी कायमची गेली, एका दिखाव्यापायी.

त्या आठवड्यात मनस्विनी मॅडम घरी आल्या. सांडू कोपऱ्यात खाली मान घालून बसला होता.

"आजोबा, तुम्हाला कोणी तोंड धरून कारलं भरवलं तर आवडेल का?" त्यांनी विचारलं.

"नाय."

"मग त्याचा हात धरू नका. तुम्हीच खेळा. त्याला नुसतं बघू द्या. आधी कोरडं, मग ओलं. त्याला चमचा लागला तर चमचा द्या. नको म्हणाला तर उचलून ठेवा."

"या वयात मी खेळू व्हय?"

"आणखी कोण रिकामं आहे घरात?"

तनुजा त्या महिन्यात पहिल्यांदा हसली.

मग सांडू रोज माझ्यात ज्वारी ओतायचा, ओंजळीने उचलायचा, सोडायचा. देवेश दारात उभा राहायचा. पुढे तो जवळ बसून चमच्याने दाणे ढवळू लागला. तनुजा शेजारी बसायची, कारण एवढं लेकरू दाणा नाकात घालतं. एकदा चमचा खाली पडला. देवेशने एक बोट ज्वारीत घातलं, काढलं, बघितलं. सांडूने मानसुद्धा वळवली नाही. मग सगळा पंजा आला. त्या मुठी माझ्यात उघडल्या. ज्वारीनंतर ओली माती आली, मग चिंध्या, मग नुसतं पाणी.

सांडूची छाती तेव्हा दुखू लागली होती. डॉक्टरांनी जास्त काही सांगितलं नव्हतं, पण त्याला कळलं होतं. "पोराच्या हातची चानकी खाऊन जातो," तो मला पुसता पुसता पुटपुटायचा.

संक्रांतीच्या दिवशी देवेशने स्वतः उंडा मागितला. स्टीलच्या परातीत, माझ्यात नव्हे. मी ओट्याखालून बघत होते. पाचही बोटं उमटलेली चानकी तव्यावर पडली.

"कच्ची आहे आबा, राहू द्या," इंद्रजीत म्हणाला.

"गिळ गुमान," सांडू म्हणाला आणि त्याने निम्मी मोडून लेकाच्या हातावर ठेवली.

मित्रांनो, घरच्यांना माझा निरोप द्या. लेकराचा हात पुसत बसू नका आणि ओढूही नका. शेजारी बसा, आपला हात आधी घाला आणि थांबा. ज्या वस्तू हातांसाठी आहेत त्या भिंतीवर टांगू नका.

सांडूच्या तेराव्याला इंद्रजीत म्हणाला, "आबांची आठवण म्हणून काठवट पुन्हा वर लावू."

तनुजा म्हणाली, "खाली राहू द्या. देवेशची खेळायची माती भिजत घातलीये त्यात."

सांडू संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी गेला. साल दोन हजार चोवीस.