अल्पशा आजाराने

आधीच सांगून ठेवते, यातला शब्द न् शब्द खरा आहे. खोटं बोलत असेन तर माझे उरलेले चार दात आजच्या आज पडोत, आणि कवळी बसवणारा डॉक्टर गाव सोडून पळो. मी मुंगीचा हत्ती करते अशी घरात माझी ख्याती आहे, मान्य. पण हा हत्ती जन्मतःच हत्ती होता. मला फुगवावा लागला नाही.

एका पेपरची कचेरी होती. खाली, जिन्याला लागून, तीन खिडक्या. पहिल्या खिडकीत घरं भाड्याने देण्याघेण्याच्या जाहिराती, दुसरीत लग्नाच्या, तिसरीत मयताच्या. "माणसाचा सगळा संसार तीन खिडक्यांत आटपतो, आणि रांग मात्र मधल्या खिडकीलाच," असं शिपाई म्हणायचा. तिसऱ्या खिडकीत मावशी बसायची. सव्वीस वर्षं. मयताची बातमी काळ्या चौकटीत छापतात, म्हणून सगळे तिला चौकटीची मावशी म्हणायचे. ती रस्त्यात समोरून आली की म्हातारी माणसं पलीकडच्या फुटपाथवर जायची. मावशी मुद्दाम हात हलवून विचारायची, "काय आजोबा, तब्येत?"

तिच्या खिडकीला एक नियम होता. मजकूर लिहून झाला की तो मोठ्याने वाचून दाखवायचा, समोरच्याने "हो" म्हणायचं, मगच सही. हा नियम पडला एका जिवंत सासऱ्यामुळे. जावयाने गडबडीत भलत्याच म्हाताऱ्याचं नाव दिलं, छापून आलं, आणि सकाळी तो सासरा काठी आपटत कचेरीत हजर. मागे त्याच्या दुःखात सामील व्हायला आलेली दोनशे माणसं, आणि त्यातली निम्मी चिडलेली, की आता आम्ही सुट्टी टाकली त्याचं काय?

तर वाचून दाखवायचं. वाचण्यासारखं असायचं काय म्हणा. ऐंशीच्या पुढचा असला की "वृद्धापकाळाने". गाडीखाली आला तर "अपघाती". बाकी सगळे "अल्पशा आजाराने दुःखद निधन". हे चार शब्द इतक्यांदा लिहावे लागायचे की मावशीचा अंगठा दुखायला लागला. मग तिने त्यांचा रबरी शिक्काच करून घेतला. ठप्प. झालं काम.

आता या शिक्क्याखाली कोण कोण गेलं ते ऐका. बावीस वर्षांची सून, अल्पशा आजाराने. एकोणीस वर्षांची, लग्नाला सात महिने, अल्पशा आजाराने. पंचवीस वर्षांची, स्वयंपाकघरात भाजलेली, तीही अल्पशा आजाराने. मावशीला कळत नव्हतं असं नाही. मजकूर आणणारा दीर किंवा सासरा वय सांगताना खाली बघायचा. मावशीही खाली बघायची. ठप्प.

एकदा एक आई आली होती. रडत नव्हती, नुसती खिडकीची कड धरून उभी होती. म्हणाली, "बाई, माझ्या लेकीला आजार नव्हता हो. धडधाकट होती. तिला ढकललं. तसं लिहा ना."

मावशी म्हणाली, "पेपरात तसं लिहीत नाहीत, ताई. मजकूर सासरकडून आलाय. तुम्ही पोलिसांकडे जा."

"त्यांनी तुमच्याकडे पाठवलं," ती आई म्हणाली.

मावशीने तिला पाणी दिलं आणि शिक्का मारला. पाणी दिलं म्हणून त्या दिवशी तिला स्वतःबद्दल बरं वाटलं होतं, हे ध्यानात ठेवा.

मावशीला स्वतःचं मूल नव्हतं. मेलेल्या बहिणीची मुलगी तिने वाढवली. तिला सगळे टकळी म्हणायचे, कारण तिचं तोंड जन्मल्यापासून बंद झालं नव्हतं. ती पोपटाशी बोलायला लागली की तो पोपट पिंजऱ्याच्या कोपऱ्यात जाऊन पाठ फिरवायचा. शाळेत बाईंनी तिला शिक्षा म्हणून वर्गाबाहेर उभं केलं, तर अर्ध्या तासाने बाईच बाहेर येऊन तिची गोष्ट ऐकत उभ्या.

ही टकळी फर्निचरच्या शोरूमवाल्यांच्या घरात दिली. मोठं दुकान, दोन मजले, वर ठळक पाटी, सासऱ्याच्या नावापुढे "आणि पुत्र". टकळीला दोन मुली झाल्या. दुसऱ्या वेळी जीव वाचला तो डॉक्टरीणबाईंच्या हुशारीने. रक्तदाब असा चढला होता की बाई बाहेर येऊन नवऱ्याला म्हणाल्या, "आता बास. पुढच्या वेळी मी हात टेकीन."

विहीणबाईंनी ते ऐकलं. वर्षभराने म्हणाल्या, "डॉक्टर काय, घाबरवतातच. पाटीवर पुत्र लिहिलंय, खाली पुढे काय मुलींची नावं रंगवायची?"

आणि टकळी तिसऱ्यांदा गरोदर राहिली.

पाचव्या महिन्यापासूनच सूज होती, सातव्यात पाय असे सुजले की नवऱ्याच्या चपला घालायला लागली. डोकं ठणकायचं, डोळ्यांपुढे ठिपके यायचे. मावशी तिला न्यायला त्या घरी गेली.

विहीणबाई दारातच म्हणाल्या, "अहो, उद्या धाकट्याच्या लग्नाची बोलणी करायला माणसं येणार आहेत. चार दिवस मुक्काम आहे. मुलगी पण येणार आहे. थोरली सून घरात नाही म्हटल्यावर काय वाटेल त्यांना? ती माणसं गेली की मी स्वतः दवाखान्यात नेते."

"विहीणबाई, तिचा चेहरा बघा. सुजून डोळे आत गेलेत."

"आमच्या वेळी आम्हालाही सूज यायची. बोभाटा नव्हतो करत."

मावशीने टकळीकडे पाहिलं. आयुष्यात पहिल्यांदा ती पोरगी काही बोलली नाही. मग हळूच म्हणाली, "जाऊ दे गं मावशी. चार दिवसांचा तर प्रश्न आहे."

आणि मावशी परत फिरली. माझा खरा राग कुठे आहे म्हणाल तर इथे आहे. भांडखोर म्हणतील, मुलीलाच त्रास होईल, नात्यात वाईटपणा नको! या वाईटपणा-नकोने जितक्या पोरी मारल्या तितक्या साथीच्या रोगाने मारल्या नसतील.

टकळीने तीन दिवस पंधरा माणसांचं केलं. चौथ्या दिवशी दुपारी, पंगत बसलेली असताना, ती ओट्यापाशी कोसळली. झटके यायला लागले. तिला उचलून मागच्या खोलीत ठेवलं आणि दार ओढून घेतलं. "चक्कर आली जरा," विहीणबाईंनी बाहेर सांगितलं आणि हसून पुढचं वाढलं. पाहुण्यांची गाडी संध्याकाळी निघाली. मग टकळी दवाखान्यात पोचली. डॉक्टरीणबाईंनी नुसती मान हलवली. पोटातलं बाळही गेलं होतं.

टकळी गेल्यावर पाचव्या दिवशी मावशी कामावर आली. घरात बसवेना. खिडकी उघडली तर समोर टकळीचा नवरा. त्याला वाटलं असावं, आज बदली माणूस असेल. तो गडबडला. मग त्याने कागद पुढे सरकवला. टकळीचा फोटो, खाली मजकूर. रविवारी शोरूममध्ये शोकसभा.

मावशीने कागद घेतला आणि नियमाप्रमाणे मोठ्याने वाचायला लागली. नाव वाचलं, वय वाचलं, एकोणतीस. मग थांबली.

"जावईबापू, किती दिवसांचा आजार म्हणायचा हा?"

"मावशी, इथे नको."

"इथेच विचारतात. अल्पसा म्हणजे किती? दोन महिने सूज होती. चार दिवस उभी होती. दुपारी पडली आणि अंधार पडताना दवाखान्यात नेली. यातलं अल्पसं कोणतं?"

लग्नाच्या खिडकीपुढच्या रांगेने माना वळवल्या. तो पुढे वाकून दात आवळून म्हणाला, "मुलींना भेटायचंय ना तुम्हाला पुढे? मग छापा जे लिहिलंय ते."

झालं. आता कळलं ना काय पणाला होतं? सहा वर्षांची आणि तीन वर्षांची. टकळीचं जे काही या जगात उरलं होतं ते त्या घरात होतं, आणि त्या घराची किल्ली याच्या खिशात.

मावशीचा हात शिक्क्याकडे गेला. सव्वीस वर्षांची सवय. शिक्का उचलला, शाईवर दाबला, कागदावर आणला. आणि तिथेच अडला. तिला टकळी दिसली नाही. दिसली ती दुसरीच, खिडकीची कड धरून उभी असलेली ती आई.

"मी नाही मारणार," मावशी म्हणाली.

वरून मॅनेजर धावत आला. शोरूमची दर रविवारी अर्धं पान जाहिरात असते. "मावशी, तुमचं दुःख मी समजू शकतो, पण आपण काय न्यायाधीश आहोत? लोक देतात ते आपण छापतो."

"मग हा घ्या," मावशीने शिक्का त्याच्या हातात दिला. "तुम्ही मारा. फक्त मारताना माझ्याकडे बघून मारा."

मॅनेजरने कागदाकडे बघून मारला. दुसऱ्या दिवशी छापून आलं. मावशीला घरी बसायला सांगितलं.

रविवारी शोरूममध्ये शोकसभा भरली. खुर्च्या कशाला भाड्याने आणायच्या, म्हणून लोकांना विकायच्या सोफ्यांवरच बसवलं. प्लास्टिकची कव्हरं काढली नव्हती. कुणी हललं की चुर्र आवाज, कुणाच्या मानेमागे "नवीन मॉडेल" अशी चिठ्ठी लोंबते आहे. जेवणाच्या मोठ्या टेबलावर टकळीचा फोटो, फुलांत बुडवलेला. एकेक जण उठून बोलत होता. किती सोशिक होती. शेवटपर्यंत कधी तक्रारीचा शब्द नाही. टकळीबद्दल बरं का! सासऱ्यांनी जाहीर केलं की वरच्या मजल्यावरच्या नव्या दालनाला सुनेचं नाव देणार. लोकांनी माना डोलावल्या. जिवंतपणी तिला त्याच मजल्यावर जायला विचारावं लागायचं.

मावशी उठली. हातात कागद होता.

"मयताचा मजकूर आहे," ती म्हणाली. "वाचून दाखवते. चूक असेल तर सांगा, नाहीतर हो म्हणा. नियम आहे."

"मावशी, बसा," नवरा म्हणाला.

तिने वाचलं. नाव. वय एकोणतीस. दोन मुलींची आई. डॉक्टरांनी नको सांगितलेलं असताना तिसऱ्यांदा गरोदर ठेवली. दोन महिने सूज आणि डोकेदुखी असताना उपचार केले नाहीत. पाहुण्यांना वाढताना झटके आले, पाहुणे जाईपर्यंत खोलीत बंद ठेवली. सासर, नवरा आणि परत फिरलेली मावशी यांच्यामुळे निधन.

"हो म्हणा."

चुर्र आवाजसुद्धा आला नाही.

"विहीणबाई, चूक आहे का यात? कुठला शब्द काढू?"

विहीणबाईंनी तोंड फिरवलं. तेवढ्यात मागच्या सोफ्यावरून आवाज आला, "हो."

ती धाकट्याची ठरलेली मुलगी होती. बोलणी झालेली, तारीख धरलेली. तिची आई तिचा हात ओढत होती, पण ती उभी राहिली होती.

"हो. मी तेव्हा त्या घरात होते. वहिनींची बोटं सुजून अंगठी रुतली होती. मी सांगितलं या काकूंना. तर म्हणाल्या, आमच्या घरातल्या बायका काटक असतात." "मागच्या खोलीतून आवाज येत होता. मी विचारलं. म्हणाले, मांजर आहे. आणि मी जेवत राहिले."

"अगं, बस खाली! लग्न ठरलंय तुझं इथे!" तिची आई.

"मोडलं," मुलगी म्हणाली. "आता मोडलं."

आणि मग तिच्या शेजारची बाई उभी राहिली. मग शाळेतल्या त्या बाई. मग चहावाला, किटली हातात घेऊन. सोफ्यांवरून एकेक जण उठत गेला, सगळं शोरूम उभं राहिलं, आणि म्हणालं, "हो."

त्या मुलीने पोलिसांत जबाब दिला. आधी टाळाटाळ झाली, तर ती रोज जाऊन बाकावर बसली. खटला उभा राहिला, अजून चालू आहे. मुलींच्या घराचं दार मावशीला आठ महिने उघडलं नाही. मग कोर्टाने उघडायला लावलं. थोरलीची टकळी आता इतकी चालते की मावशी कानात कापूस घालते आणि तो लगेच काढूनही टाकते.

मावशी पेपरच्या कचेरीबाहेर फुटपाथवर टेबलखुर्ची टाकून बसते. छापणं तिच्या हातात नाही. पण ज्यांना खरं लिहायचं असतं त्यांना ती लिहून देते आणि भर रस्त्यात, खड्या आवाजात वाचून दाखवते. पहिल्या खेपेला तिने स्वतःच खिडकीची कड धरून उभ्या राहिलेल्या त्या आईचं घर शोधून काढलं आणि तिच्या लेकीचा खरा मजकूर वाचून दाखवला. आईने ऐकलं, हो म्हटलं, आणि दार लावून घेतलं. माफ केलं असं काही म्हणाली नाही.

आता दातांची शपथ घेतलीय, तर एक कबूल करायला हवं. ते सगळं शोरूम उभं राहिलं, हे मी माझ्या पदरचं घातलं. उभी राहिली ती एकटी ती मुलगी. बाकीचे साठ-सत्तर जण बसून राहिले, चहा आला तो प्यायले, आणि जाताना सासऱ्यांचं सांत्वन करून गेले. पुढून तिसऱ्या सोफ्यावर मी होते. घरी येऊन सांगितलं, गुडघ्यांमुळे उठता आलं नाही.

गुडघे तेव्हा ठणठणीत होते.