नव्या केसमधलं जुनं मशीन

मित्रांनो, मी एक जुनं मशीन आहे. घड्याळाच्या पोटात जी चाकं आणि स्प्रिंग असते, तेवढाच मी. स्वतःला घड्याळ म्हणवून घ्यायची सोय आता उरलेली नाही. का ते सांगतो, आणि गोड करून सांगणार नाही.

कारखान्यात मला जोडलं तेव्हाच माझ्या अंगात शिष्टपणा भरला होता. वेळ दाखवणार मी, आणि बाहेरची केस, म्हणजे माझ्याभोवतीचं कवच, नुसती मिरवणार, असं मला वाटे. पितळेची साधी केस, वर पांढरा मुलामा. तिला मी कधी खिजगणतीतच धरलं नाही.

बार्शीच्या एका शाळेतले शिपाई कोंडीबा यांनी नोकरीला लागताच आम्हाला घेतलं. शाळेचा टोल माझ्यावर पडायचा. हेडमास्तरसुद्धा कोंडीबांच्या मनगटाकडे पाहून आपलं घड्याळ लावत. सदतीस वर्षं मी त्या कौतुकात फुगून राहिलो. दर दोन वर्षांनी कोंडीबा एसटीनं सोलापूरला येत आणि नवी पेठेतल्या संगप्पा घड्याळजींकडून मला साफ करून घेत. घड्याळजी लोकांची एक रीत असते. काम झालं की केसच्या मागच्या झाकणाच्या आतल्या बाजूला सुईनं तारीख कोरायची. संगप्पांनी अशा अठरा तारखा कोरल्या. बाहेरच्या बाजूला कोंडीबांच्या घामानं मुलामा झिजून पिवळं पितळ उघडं पडलं होतं.

कोंडीबा गेले. त्यांची बायको मथुराबाई मला रोज हातात घेऊन बसू लागल्या. मला वाटलं, माझी टिकटिक ऐकायला. खरं तर त्या झाकणावरचं ते झिजलेलं पितळ अंगठ्यानं चाचपत असत. घड्याळ वाचायला त्यांना येतच नव्हतं, एवढंही माझ्या लक्षात आलं नाही.

त्यांचा मुलगा इंद्रजीत सोलापुरात नोकरीला. आईजवळचं घड्याळ कळकट झालंय, असं त्याला वाटलं. पोरगा वाईट नव्हता. आईला न विचारता तिचं भलं करायला निघाला, एवढाच दोष. साफ करून आणतो म्हणून मला घेऊन गेला आणि संगप्पांकडे नवी चकचकीत केस पसंत केली. संगप्पांनी झाकण उघडून त्याला तारखा दाखवल्या.

"जुनी केस घरी घेऊन जावा," ते म्हणाले. "आईला इचारा की एकदा."

इंद्रजीतनं झाकणाचे दोन्ही बाजूंनी मोबाइलवर फोटो काढले. आता भंगार कशाला सांभाळायचं, असं म्हणून मोकळा झाला. संगप्पांनी केस मोडीच्या डब्यात टाकली. आणि मी? सुंठीवाचून खोकला गेला, असं मनात म्हणालो. लाज वाटते, पण म्हणालो.

इंद्रजीतनं बार्शीला परत आणल्यावर मथुराबाईंनी मला हातात घेऊन उलटं केलं. मागे आता काच होती, माझी चाकं दिसावीत म्हणून. त्यांनी अंगठा फिरवला आणि थांबल्या. इंद्रजीत समजावू लागला, की आतलं मशीन तेच आहे, बाबांचंच.

"मशीन कुनी मागितलं हुतं?" त्या म्हणाल्या. "ह्यांचं मनगाट लागलेलं त्या पितळंला. ते कुटं हाय?"

दुसऱ्या दिवशी त्या मुलाला घेऊन संगप्पांच्या दुकानात आल्या. संगप्पांनी डबा पालथा केला. मोड मंगळवारीच वितळवायला गेली होती. आपण ती केस ठेवून घ्यायला हवी होती, असं म्हातारा खाली मान घालून दोनदा म्हणाला.

इंद्रजीतनं घाईघाईनं मोबाइल पुढे केला. मथुराबाईंनी फोटोतल्या पिवळ्या पितळेवर अंगठा ठेवला आणि नेहमीसारखा घासला. फोटो सरकला. पुढे इंद्रजीतच्या ऑफिसातल्या पार्टीचा फोटो आला. त्यांनी मोबाइल परत दिला आणि मला काउंटरवर ठेवलं.

"हे तूच घाल," म्हणाल्या आणि एसटी स्टँडकडे चालू लागल्या.

आता मी इंद्रजीतच्या मनगटावर असतो. लोक मागची काच बघून माझी वाहवा करतात, आणि ती मला टोचते. मित्रांनो, जुन्या वस्तूला नवं रूप जरूर द्या, पण आधी तिच्या माणसाला विचारा, की तुमचा जीव यातल्या कशात आहे. मथुराबाईंना कुणी विचारलं नाही, आणि इतकी वर्षं त्यांच्या घरात राहून मलाही ते कळलं नाही. इंद्रजीत सणाला बार्शीला जातो, तेव्हा घराच्या पायरीशी मला मनगटावरून काढून खिशात घालतो.