शुक्रवारचा फवारा

मी एक काचेचा फवारा बोलतोय. लग्नात गुलाबपाणी शिंपडतात तो नव्हे. माझं पोट लिंबाएवढं, पुढे बोटभर नळी आणि मागे तांबड्या रबराचा फुगा. पोटात औषधाचे थेंब टाकायचे, नळी तोंडात धरायची आणि श्वास आत घेताना फुगा दाबायचा. औषधाचं धुकं होऊन आत जातं आणि आवळलेली छाती हळूहळू सैल होते.

माझा जन्म फुंकरीतून झाला. मद्रासला एका कारागिराने तापलेल्या काचेच्या नळीत फुंकर घातली आणि माझं पोट फुगलं. त्याचा चेहरा मला आठवत नाही. त्याचा लांब, निवांत श्वास मात्र आठवतो. सगळी माणसं अशीच श्वास घेत असतील असं मला वाटायचं. धनलक्ष्मी भेटली आणि माझा समज गेला.

१९५४ साली कुंभकोणमच्या डॉक्टर कल्याणरामांनी मला मागवून घेतलं आणि धनलक्ष्मीच्या वडिलांच्या, व्यंकोजीरावांच्या हाती दिलं. व्यंकोजीराव तालुका कचेरीत कारकून. त्यांचे पूर्वज कधीकाळी तंजावर दरबारी आलेले. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर तमिळ. धनलक्ष्मीच्या दुखण्यालाही दोन नावं होती. घरात ‘दम’ आणि बाहेर ‘इळैप्पु’. पण बाहेरचं नाव घ्यायला तिच्या आईची, कामाक्षीबाईंची, सक्त मनाई होती.

“लेकी, चार जणांत हे काढू नकोस,” जुन्या वळणाच्या मराठीत त्या म्हणाल्या. “उद्या कोणी पाहावयास आले तर मी काय सांगू?”

“अम्मा, पाहायला येतील तेव्हा येतील. मला आधी शाळेची एस.एस.एल.सी. परीक्षा तर देऊ दे.”

“दे की. पण झाकून ठेव हो.”

त्यांनी मला रेशमी चोळखणात गुंडाळलं. इतक्या किमती कापडात राहूनही मला गुदमरल्यासारखं व्हायचं.

धनलक्ष्मी तेव्हा पंधरा वर्षांची, मुलींच्या हायस्कुलात शेवटच्या वर्गात. शाळेचा नियम होता की औषध मुलींजवळ राहायचं नाही. मुख्याध्यापिका त्रिपुरसुंदरी अम्माळ यांनी मला ऑफिसातल्या काचेच्या कपाटात ठेवलं, कुलूप लावलं आणि किल्ली कमरेला खोचली. त्या वाईट नव्हत्या. औषध हरवू नये, एवढाच त्यांचा हेतू. पण दम लागलेल्या मुलीने दोन जिने उतरायचे, ऑफिसच्या दाराशी उभं राहायचं, परवानगी मागायची आणि तीही पूर्ण वाक्यात! ज्याला श्वास पुरत नाही त्याला वाक्य कसं पुरणार? धनलक्ष्मी म्हणून शक्यतो यायचीच नाही. बाकावर दोन्ही हात टेकून, खांदे वर करून बसून राहायची. मैत्रिणींना वाटे, ही रुसली आहे.

पोंगलनंतरचा एक शुक्रवार. त्रिपुरसुंदरी अम्माळ कामासाठी तंजावरला गेल्या होत्या आणि किल्ली त्यांच्याबरोबर गेली होती. अकराच्या सुमाराला जिन्यावर धावपळ ऐकू आली. मग दाराशी ती शीळ. छातीतून येणारी ती बारीक शीळ मी शंभरांत ओळखतो. सुंदरी नावाच्या मैत्रिणीने तिला धरून आणलं होतं. धनलक्ष्मीचे ओठ निळसर पडले होते. ती कपाटाकडे बोट दाखवत होती. आमच्यामध्ये एक काच होती आणि मी काच असून काही करू शकत नव्हतो.

“किल्ली कुठे आहे?” भूगोल शिकवणाऱ्या अलमेलू टीचर धावत आल्या.

“तंजावरला,” शिपाई म्हणाला.

टीचरांनी शाळेची घंटा बडवायचा लाकडी हातोडा उचलला आणि कपाटाची काच फोडली. हाताला कापलं. रक्त पुसायच्या आधी त्यांनी मला बाहेर काढलं आणि माझ्या पोटात औषध घातलं.

“घाई नको, कण्णे, बाळा. तू श्वास घे, मी दाबते. हं. आता पुन्हा.”

बऱ्याच वेळाने शीळ थांबली. सुंदरीने डोळे पुसले आणि मला निरखून पाहत म्हणाली, “एवढंच? मला वाटलं चोळखणात वीणेचा छोटा भोपळा लपवून ठेवतेस!”

धनलक्ष्मी हसली. माझ्यामुळे कुणी हसलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं.

संध्याकाळी व्यंकोजीराव शाळेत आले. “फार झाले, टीचर. परीक्षेपेक्षा मज माझी पोर मोठी. उद्यापासून ती शाळेस येणार नाही.” घाबरल्यामुळे ते तमिळ बोलताना मध्येच मराठी बोलत होते.

परीक्षेला दोन महिने उरले होते. धनलक्ष्मीने मला दोन्ही हातांत इतकं घट्ट धरलं की वाटलं, मी फुटणार.

“मला एक महिना द्या,” अलमेलू टीचर म्हणाल्या. “महिनाभर हा फवारा माझ्या टेबलाच्या खणात राहील. तो कसा वापरायचा ते सगळ्या वर्गाला शिकवते. तरीही भीती वाटली तर घेऊन जा.”

फुटक्या कपाटाबद्दल टीचरांना बोलणी बसणार असं सगळ्यांना वाटलं होतं. त्रिपुरसुंदरी अम्माळ तंजावरहून आल्या, काचांकडे पाहिलं, टीचरांच्या हातावरच्या पट्टीकडे पाहिलं. मग त्यांनी सुतार बोलावला. कपाटासाठी नव्हे, टीचरांच्या खणाचं कुलूप काढून टाकण्यासाठी.

मी खणात राहायला आलो. शेजारी खडू, नकाशांच्या सुया आणि एक वही. मला बाहेर काढलं की टीचर वहीत वार आणि वेळ लिहीत. तीन आठवड्यांनी त्यांनी वही वाचली आणि तिन्ही नोंदींखाली रेघ ओढली. तिन्ही वेळा शुक्रवार.

मला ते केव्हापासून ठाऊक होतं. शुक्रवारी धनलक्ष्मी जवळ आली की तिच्या केसांना सांब्राणीच्या धुपाचा वास यायचा. पण सांगायला मला तोंड कोण देणार?

पुढच्या शुक्रवारी सकाळी टीचर मला घेऊन तिच्या घरी गेल्या. लेकीला तेल लावून न्हाऊ घातलं होतं. निखाऱ्यांवर धूप टाकून वर वेताची टोपली पालथी घातली होती आणि धनलक्ष्मीचे लांब ओले केस त्या टोपलीवर पसरले होते. कामाक्षीबाई पंख्याने वारा घालत होत्या. खोली धुराने पांढरी झाली होती.

“थोडा अधिकच घालते,” त्या कौतुकाने म्हणाल्या. “केस ओले राहिले की कफ होतो हो. दमाची पोर माझी.”

टीचरांनी वही त्यांच्यापुढे धरली. कामाक्षीबाईंना तमिळ वाचता येत नव्हतं. म्हणून धनलक्ष्मीने तीनदा तोच वार वाचून दाखवला. वाचता वाचता तिच्या छातीतली शीळ सुरू झाली होती.

“तुज या धुरानेच दम लागतो?” कामाक्षीबाईंनी विचारलं. “मग सांगितले का नाहीस?”

“सांगितलं असतं तर तू शाळेत धाडलं नसतंस, अम्मा.”

कामाक्षीबाईंच्या हातातला पंखा थांबला. “माझ्या हाताने,” एवढंच त्या म्हणाल्या. मग उठून निखाऱ्यांवर घागरभर पाणी ओतलं. टीचरांनी मला पुढे केलं, तेव्हा त्यांनीच मला घेतलं. फुगा त्यांनी बरोबर श्वासाच्या वेळी दाबला. त्या दिवसापासून केस उन्हात वाळू लागले आणि चोळखण पेटीत गेला.

दमा गेला नाही. तो असा जात नाही. पण शुक्रवार मोकळे झाले. महिना संपला, आणि व्यंकोजीराव तिला न्यायला आलेच नाहीत.

परीक्षेला मी तिच्या बाकावर होतो. परगावचे पर्यवेक्षक कृष्णमूर्ति सर मला पाहून थबकले. “हे काय? उचला.” दाराशी उभ्या असलेल्या त्रिपुरसुंदरी अम्माळ आत आल्या. “तिचं पेन उचला म्हणालात तर एकवेळ चालेल. हे बाकावरच राहील.”

गणिताच्या पेपरात तिला दम लागला. तिने लेखणी ठेवली, मला उचललं आणि साऱ्या वर्गासमोर, कुणाची नजर न चुकवता, औषध घेतलं. थोडा वेळ डोळे मिटून बसली. मग पुन्हा लेखणी उचलली.

ती पास झाली. आता आडुतुरैच्या शाळेत शिकवते. तिच्याकडे नवा फवारा आहे आणि तो तिच्या टेबलावर, सगळ्यांना दिसेल असा असतो म्हणे. जाताना तिने मला टीचरांच्या खणातच ठेवलं. आता माझं रबर कडक होऊन चिरलं आहे. मी कुणाच्या कामाचा नाही.

तरी एक मागणं आहे. वर्गात एखादं मूल खांदे वर करून गप्प बसलेलं दिसलं तर त्याला रुसलं का म्हणून विचारू नका. त्याला बोलायला लावू नका. त्याचं औषध कुठे आहे ते तुम्हालाच ठाऊक असू द्या, आणि मध्ये कुलूप असू देऊ नका.

माझ्या खणाला कुलूप होतं तिथे सुताराने भोक तसंच ठेवलं आहे. रोज सकाळी शाळा उघडली की त्यातून रुपयाएवढं ऊन माझ्या पोटावर येऊन बसतं.