अफूच्या बाळांचा पाळणा

मित्रांनो, मी काही नक्षीचा, सागवानी नाही. शेवगावकडच्या एका मिशन दवाखान्यातला मी जुना लोखंडी पाळणा आहे. बन्सी लोहाराने मला घडवलं. मी फार करकरायचो. बाळंतिणी हसायच्या, "आगं, पाळना हाय का बैलगाडी?" तरी बाळं माझ्यात सुखाने निजत.

१९४३ साली खडी फोडणाऱ्या कडूबाईचं बाळ माझ्यात आलं. दुसऱ्या दिवशी ते थरथरू लागलं. सारखं किंचाळे, मुठी चोखे. पण दूध ओढता येईना. डॉक्टरीणबाईंनी साऱ्या बायांसमोर विचारलं, "अफू खातेस का गं?"

"न्हाई, बाई."

बाळंतपणाआधीच मिशनचे कीर्तनकार योसेफबुवा यांनी वॉर्डात नशेविरुद्ध कीर्तन केलं होतं. काय गोड गळा त्यांचा! शेवटी त्यांनी नशा न करण्याची शपथ घातली, तेव्हा कडूबाईनेही हात वर केला होता.

बाळाची सगळ्यांनाच दया आली. दयेपोटीच मला जोरजोरात हलवलं. बुवांनी उशाशी बसून झांजा वाजवत प्रभूचं भजन म्हटलं. त्या नादाने बाळ जास्तच दचके. मला ते जाणवत होतं, सांगता येत नव्हतं. तिसऱ्या दिवशी आकडी आली आणि बाळ माझ्यातच थंड पडलं.

तेव्हा कडूबाईने कनवटीची अफूची पुडी काढून नर्स दीनाबाईंपुढे ठेवली.

"आगं, आधी का न्हाई सांगितलंस? औषध हुतं की!"

"देवाम्होरं हात वर केल्ता, बाई. पाठ लई दुखायची म्हनून खात हुते. समद्यांत कसं सांगू?"

बुवा दारातच होते. ते खाली बसले. म्हणाले, "दीनाबाई, हिला बोलू नका. हिचं तोंड मी बंद केलं."

त्यानंतर दीनाबाई प्रत्येकीला पडद्याआड, एकटीला विचारू लागल्या. पोटातच अफूची सवय लागलेली अशी बाळं अंधाऱ्या, शांत खोलीत आईच्या छातीशी राहू लागली. डॉक्टरीणबाई औषधाचे मोजके थेंब देत, रोज थोडे कमी. बुवा शपथ घालेनासे झाले. कीर्तन फाटकाबाहेर करू लागले. बरीच बाळं वाचली. सगळी नाही.

आता मी कोठारात गंजतो आहे. माझ्यात फाटक्या चादरी कोंबल्या आहेत. त्याची तक्रार नाही. मित्रांनो, एवढंच मागतो: थरथरणारं बाळ दिसलं, तर त्याच्या आईला आधी जवळ घ्या. भीती गेली की ती सांगेल.

कडूबाईचं बाळ तीन दिवस माझ्यात होतं. त्याचं नाव ठेवायचं राहूनच गेलं.